तिसाच्या वर खिडकी उघडी

पुढची बाजू

"बाहेर गार आहे," घड्याळजी म्हणाले.

"बाहेर भट्टी आहे," शिवणबाई म्हणाल्या.

हे नवराबायको एकाच खोलीत, एकाच खिडकीच्या दोन अंगांना बसून, एकाच बाहेरबद्दल बोलत होते. डावीकडे घड्याळजींचं टेबल. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, समोर पांढऱ्या कागदावर कुणाचं तरी घड्याळ पोट उघडं टाकून पडलेलं. उजवीकडे बाईंचं शिलाई मशीन आणि शेजारी दिवसभर तापणारी इस्त्री. खिडकी उघडली की घड्याळांचे स्क्रू उडत. बंद केली की बाईंचा घाम गिऱ्हाइकाच्या कापडावर टपकत असे. मध्यंतरी एक दातेरी चाक हरवलं, ते एका कोटाच्या अस्तरात शिवलेलं सापडलं. कोटवाल्याची काही तक्रार नव्हती. घड्याळवाला मात्र अजून ओळख दाखवत नाही.

"तुला इस्त्रीमुळे उकडतंय. त्यात हवेचा काय दोष?"

"आणि तुम्हाला त्या स्वेटरमुळे थंडी वाजते. तो काढला की वाजायची थांबेल."

लग्न होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारी मुलगी भेटायला आली होती. तिने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. "बाबा, आई, एक थर्मामीटर आणा. गोल, काट्याचा, बाहेर लावायचा. काटा तिसाच्या वर गेला की खिडकी उघडी, खाली आला की बंद. विषय संपला."

मुलगी शाळेत गणित शिकवते. तिचे विषय संपतात.

दुकानात एका भिंतीवर अशा थर्मामीटरांची रांगच होती. सगळे गोल, सगळे नवे, आणि प्रत्येकाचा काटा वेगळ्या आकड्यावर.

"एकाच हवेत टांगलेत ना हे?" घड्याळजींनी विचारलं.

"हो, काका."

"मग एकमत का नाही?"

"आता काय सांगायचं," दुकानदार म्हणाला. "घरी तुम्ही किती जण आहात?"

घड्याळजी सव्वीस दाखवणाऱ्यापाशी थांबले. "हा बघ. अंक कसे ठसठशीत आहेत."

"हा जास्त चांगलाय." बाई चौतीसवाल्यासमोर उभ्या होत्या. "कड पितळी आहे. उठून दिसेल."

"कडेला काय चाटायचंय? अंक वाचायचेत."

"बरोबर. आणि तुम्हाला नेमके सव्वीसचेच अंक ठसठशीत दिसले."

दुकानदाराने मधला, तीस दाखवणारा काढला. काच घट्ट, पाणी आत जाणार नाही, उन्हाने रंग उडणार नाही. "पसंत आहे?"

"नाही," दोघं एकदम म्हणाले.

"मग हाच न्या. उद्या कुणी कुणाला टोमणा मारायला नको." बांधता बांधता त्याने तो उलटा केला. "आणि हा मागचा स्क्रू. काटा पुढेमागे वाटला तर अगदी हळू फिरवायचा."

घड्याळजी छताकडे बघत होते. बाई पिशवीत काहीतरी शोधत होत्या. दोघांनीही ऐकलं नव्हतं. निदान तसं दाखवलं तरी.

मागची बाजू

पहिले काही दिवस प्रामाणिक गेले आणि त्यामुळे फार वाईट गेले. काटा तिसाच्या आसपासच घुटमळत राहिला. बाईंच्या खुर्चीतून तो एकतीसवर दिसे आणि घड्याळजींच्या स्टुलावरून एकोणतीसवर. खिडकी दिवसभर उघडमीट करू लागली.

एका सकाळी बाई दूध आणायला खाली गेल्या. घड्याळजींनी बाहेर हात काढून थर्मामीटरचा डायल खिळ्यावरून खाली घेतला. जन्मभर त्यांनी कुणाचं घड्याळ मुद्दाम पुढे केलं नव्हतं की मागे. हे घड्याळ नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं आणि सगळ्यात बारीक स्क्रूड्रायव्हर उचलला. केसभर फिरवला. मग आणखी एक केस.

पुढची बाजू

"सत्तावीस," बाई म्हणाल्या आणि स्वतःच खिडकी बंद केली.

त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण ठरलं म्हणजे ठरलं. त्या घाम पुसत काट्याकडे बघायच्या आणि परत मशीनवर वाकायच्या. चार दिवसांनी त्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. डॉक्टरांनी नाडी बघितली, जीभ बघितली, वयाकडे बोट दाखवलं आणि पाणी भरपूर प्यायला सांगितलं.

"तुम्ही म्हणत होता तेच खरं," त्या घरी आल्यावर म्हणाल्या. "बाहेर सत्तावीस आहे. अख्खं जग गारव्यात बसलंय आणि घाम मला एकटीला. म्हणजे दोष माझ्यातच आहे."

बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. दार उघडं होतं, चहा समोर होता, ती समोर होती. घड्याळजी म्हणाले, "हं."

दुसऱ्या दिवशी मशीन हातगाडीवरून पलीकडच्या गल्लीत बहिणीकडे गेलं. तिची गॅलरी मोकळी होती. "तुमच्या कामाचा खोळंबा नको," बाई जाताना म्हणाल्या, आणि त्यात टोमणा नव्हता. घड्याळजींनी दोनदा शोधून पाहिला.

खिडकी बंद. स्क्रू ठेवला की ठेवल्या जागी. चाकं ओळीने बसलेली. एवढी शिस्त त्या टेबलावर कधीच नव्हती, आणि तिच्यात बसून काम होईना. मशीनची घरघर इतकी वर्षं ते सहन करत आले होते. आता ती नव्हती तर भिंतीवरची सगळी घड्याळं एकदम ऐकू यायला लागली, आणि त्यातलं एकही दुसऱ्याशी जुळत नव्हतं.

मागची बाजू

जेवणाच्या सुट्टीआधी त्यांनी डायल पुन्हा उतरवला. बेत साधा होता. काटा बत्तीसवर न्यायचा, ती जेवायला येईल, बघेल, म्हणेल बाहेरच उकडतंय. पण केसभर चूक न करणाऱ्या हाताने त्या दिवशी घाईत स्क्रू जास्तच फिरवला. काटा बेचाळीसवर गेला. तो मागे आणण्याआधी जिन्यात चपला वाजल्या. डायल खिळ्यावर, स्क्रूड्रायव्हर खिशात, घड्याळजी स्टुलावर.

पुढची बाजू

"अगंबाई! बेचाळीस?"

"झालंय खरं."

"आणि तुम्ही स्वेटर घालून बसलाय?"

घड्याळजींनी मुकाट्याने स्वेटर काढला.

"अहो, काल तर सत्तावीस होतं!"

"हवेचा काय भरवसा."

बाई काट्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे मला काही झालेलं नाही! बाहेरच उकडतंय! आणि मी वेडी पाण्याचे हंडे पितेय." त्या इतक्या मोकळ्या हसल्या की घड्याळजी उगाचच पाणी आणायला उठले. संध्याकाळी मशीन परत आलं. हातगाडीवाला म्हणाला, "बाई, एक काय ते ठरवा की." खिडकी सताड उघडली.

त्या रात्री काटा गुपचूप तेहतिसावर उतरला. स्क्रू उडत राहिले. पूर्वी एक उडाला की घड्याळजी खोली डोक्यावर घेत. आता ते शब्दही न काढता टेबलाखाली शिरत, गुडघे धरून बाहेर येत आणि "सापडला" म्हणत. बऱ्याचदा सापडलेला नसे.

बाई मशीन चालवता चालवता ते बघत होत्या.

मागची बाजू

मशीनच्या खणात एक जाडजूड स्क्रूड्रायव्हर असतो. सुईचा पेच आवळायला.

पुढची बाजू

"अठ्ठावीस," एका सकाळी बाई म्हणाल्या. "खिडकी बंद करा."

घड्याळजी चक्रावले. आदल्या संध्याकाळी तेहतीस होतं आणि तसंच राहावं याची त्यांनी काळजी घेतली होती. दुसऱ्या दिवशी पस्तीस झालं. बाई चक्रावल्या. मग पंचवीस. मग सदतीस. मुलीने फोनवर विचारलं, "तिकडे हवा कशी आहे?" तेव्हा दोघांनीही विषय बदलला.

एके दिवशी काटा गळून पडला. काचेच्या आत, तळाशी आडवा पडून राहिला.

"तुम्ही दुरुस्त कराल ना?" बाईंनी विचारलं.

घड्याळजींनी डायल टेबलावर पालथा घेतला, डोळ्याला भिंग लावलं आणि मागच्या स्क्रूकडे बघितलं. त्याच्या माथ्यावर त्यांच्या बारीक स्क्रूड्रायव्हरचे केसासारखे ओरखडे होते. त्यांच्यावरून, त्यांना आडवे छेदून, जाड पात्याचे घाव होते. मशीन उगाचच जोरात चालू झालं.

काटा बसवणं हे त्यांच्यासाठी चुटकीसरशी होणारं काम होतं.

"नाही होणार," ते म्हणाले. असं त्यांनी कुठल्याही डायलबद्दल पहिल्यांदाच म्हटलं.

डायल तसाच, बिनकाट्याचा, परत खिळ्यावर गेला.

"किती आहे?" बाईंनी विचारलं.

घड्याळजींनी बाहेर नजर टाकली. "पस्तीस. उघडतो."

"काहीतरीच. सव्वीस आहे. बंद राहू दे."

"पस्तीस!"

"सव्वीस! चष्म्याचा नंबर बदलून घ्या."

जिन्यातून जाणाऱ्यांना वाटलं, यांचं काही सुधारायचं नाही. शेवटी खिडकी अर्धी उघडली. हे कुणालाच इतके दिवस सुचलं नव्हतं, आणि न सुचल्याने फार काही बिघडलंही नव्हतं, कारण आता बाईंना अर्धा घाम येत होता आणि घड्याळजींचे निम्मे स्क्रू उडत होते.

त्यातलाच एक उडाला. घड्याळजी टेबलाखाली शिरले. तिथून फक्त मशीनचा पायडल आणि त्यावर हलणारे तिचे पाय दिसत होते. तोंड दिसत नव्हतं.

"त्या दिवशी सत्तावीस नव्हतं गं," ते तिथून म्हणाले.

पायडल थांबला नाही.

"माहितीय," वरून आवाज आला. "भिंतीकडे हात घाला. तिथे काहीतरी चमकतंय."