रानशेतचा फॉरवर्ड

उधव्याच्या फुटबॉल क्लबचा अध्यक्ष लाहू याने भर मीटिंगमध्ये सांगून टाकलं, की खेळाडू विकत आणायची गरजच नाही. आपण एक फोन केला की जिल्ह्यातला सगळ्यात भारी फॉरवर्ड फुकटात हजर होईल.

सेक्रेटरी उमेश सिल्वासाच्या एका पोराला आणायचं म्हणत होता. तो पोरगा मॅचमागे पाच हजार मागत होता. लाहूला ते ऐकूनच कसंतरी झालं. त्याच्या काळी पोरं टेम्पोत उभ्याने जायची, अनवाणी खेळायची, जिंकली तर वाटेत भजी खायची. रानशेतचा हाल्या तर तापात खेळला होता आणि मैदानाच्या मध्यातून मारलेला त्याचा बॉल समोरच्या टीमचा गोलकीपर असलेल्या लाहूला दिसलासुद्धा नव्हता.

"हरलो तर काका, खुर्ची सोडायची," उमेश म्हणाला. लाहूने तेही कबूल केलं.

हाल्या फोनवर लगेच येतो म्हणाला. लाहूने तलासरीच्या बाजारातून त्याच्यासाठी नवे बूट आणले. सिल्वासाच्या पोराला नकार कळवला, तसा तो दुसऱ्याच दिवशी अच्छाडच्या टीमला मिळाला. सेमीफायनल त्यांच्याशीच होती.

मॅचच्या दिवशी रिक्षातून एक पांढऱ्या केसांचे, पोट सुटलेले गृहस्थ हळूहळू उतरले. त्यांच्या गुडघ्याला पट्टा होता. लाहू त्यांच्या मागून कोणी उतरतंय का ते बघत राहिला. स्वतःचे पांढरे केस तो रोज आरशात बघायचा, पण त्याच्या मनात हाल्या अठ्ठावीस वर्षं बावीसचाच राहिला होता.

परत पाठवायची सोय नव्हती. हाल्याला बूट टोचले, म्हणून तो अनवाणीच उतरला. दहा मिनिटांत त्याला एकदा बॉल मिळाला. तो तसाच पायाखाली धरून दम खात असताना अच्छाडवाल्यांनी हळूच काढून नेला आणि सिल्वासाच्या पोराने गोल केला. मग त्याने आणखी एक केला. लोक लाहूकडे बघून हसत होते.

हाल्या लंगडत बाहेर आला आणि लाइनीजवळ मांडी घालून बसला. लाहू मान खाली घालून त्याच्या शेजारी बसला. थोड्या वेळाने हाल्या उधव्याच्या पोरांना हाका मारू लागला. तू मागे हो, तू बॉलकडे नको, मोकळ्या जागेकडे पळ. बोटाने दाखवायचा तशी पोरं पळत होती. पाच मिनिटं उरली असताना उधव्याने एक गोल फेडला. जुना हाल्या पायात राहिला नव्हता, डोक्यात मात्र तसाच होता.

मॅच दोन-एकने गेली. लाहूने रविवारच्या मीटिंगमध्ये राजीनामा पुढे केला. उमेशने तो घडी घालून परत दिला.

"ते राहू द्या. हाल्याकाकांना पोरांना शिकवायला बोलवा. पैसे देऊ आपण."

लाहूची छाती फुगली. त्याने सगळ्यांसमोर फोन लावला.

पलीकडे हाल्या जरा ओशाळला. अच्छाडवाले मॅचच्याच संध्याकाळी त्याच्या घरी आले होते. दर रविवारी शिकवायचं ठरलं, हातावर अॅडव्हान्सही ठेवला. "तू काही बोलला नाहीस रे, लाहू. मला वाटलं, तुला राग आला."

लाहूने फोन खिशात ठेवला.

"किती मागतायत?" उमेशने विचारलं.

लाहूने घसा साफ केला.

"आपल्याला नाही परवडणार."