तुमचं पाणी कुठं जातं?

‘तुमचं पाणी कुठं जातं?’ याकोबमामा कुणाच्याही दारात पहिला प्रश्न हाच विचारायचे. ख्यालीखुशाली मागून. माझ्या नणंदेला बघायला पाहुणे आले, तर मुलाच्या बापालाही त्यांनी हेच विचारलं. त्या बिचाऱ्यानं हातातलं पाण्याचं भांडं घाबरून खाली ठेवलं!

मिशनच्या शाळेतली मास्तरकी संपली आणि मामा पावसाच्या मागे लागले. नगरची आमची गल्ली उताराची. मामांचं घर वरच्या टोकाला, आमचं अगदी खाली. लढाईमुळे सिमेंट मिळेना, म्हणून पक्की गटार रखडलेली. सगळे हळहळत होते, मामा मात्र खूश. कुदळ घेऊन ते घराघरांत शिरायचे आणि पन्हळीखाली खड्डा खणायचे. त्यात तळाला दगडगोटे, मग विटांचे तुकडे, वर वाळू, कडेला अळू.

‘बाई, पाणी पाहुणा आहे. त्याला हाकलू नका, बसायला द्या!’

‘द्या की! पण तुमच्या पाहुण्याच्या खड्ड्यात माझी घागर फुटली, तिचं काय?’ मी एकदा फणकारले. दुसऱ्या दिवशी मामा नवी घागर घेऊन हजर. येताना कुदळही आणली होती मेल्यांनी.

आमच्यासमोर हसनभाई पिंजाऱ्याचं दुकान. तिथून जाताना मात्र मामा मान फिरवायचे. मी सासूबाईंना विचारलं.

‘अगं, एका ताटात जेवणारी माणसं ती! लेकीच्या लग्नात मामांनी हौसेनं अंगणभर फरशी घातली. पुढच्याच पावसात सगळं पाणी सुसाट उतरलं ते हसनच्या दुकानात. कापसाचा लगदा झाला. तो जाब विचारायला गेला, तर हे म्हणतात, पाऊस काय मी पाडला? तेव्हापासून अबोला. मग मामांनी फरशी उखडली, पण चुकलो म्हणायला जीभ रेटेना.’

त्या वर्षी परतीचा पाऊस भरदुपारी कोसळला. हसनभाईचं दुकान लग्नाच्या गाद्यांनी भरलेलं. भिजल्या असत्या तर माणूस आयुष्यातून उठलाच असता. मी दारातून जीव मुठीत धरून बघत होते. वरून पाणी आलं, पण बेतानं आलं आणि उंबऱ्याखालून निघून गेलं.

मागोमाग मामा आले, चिंब भिजलेले. छत्री काखेतच! वाकून उंबरा निरखू लागले.

आतली पिंजण थांबली. ‘मास्तर, पानी न्हाई आलं आत.’

‘बरं,’ म्हणून मामा वळले.

‘जातो कुठं? ये, बस.’ हसनभाईंनी कोरी गादी पसरली.

मामा उंबऱ्यातच थबकले. ‘अरे, मी ओला आहे. कापूस भिजेल तुझा.’

‘भिजू दे.’

मामा बसले. मला बाई रडूच आलं.