टाकीला सुटलेला घाम

शिरसाटभाऊ डिझेल चाखायचे. हे मी अलंकारिक बोलत नाही. ट्रकच्या टाकीत बोट बुडवायचं, जिभेच्या टोकाला लावायचं, डोळे मिटायचे, आणि आमटीत गूळ कमी पडलाय हे एखाद्या जाणत्या माणसानं सांगावं तशा आवाजात म्हणायचं, "रॉकेल आहे. चारात एक." मग पचकन थुंकायचं, खिशातली बडीशेप तोंडात टाकायची आणि पुढच्या ट्रककडे वळायचं. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला दुपारचं जेवण गेलं नव्हतं.

मी तेव्हा विमा कंपनीत होतो आणि सांगलीहून बदली होऊन जयपूरला, जवाहर नगरात येऊन पडलो होतो. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. ट्रकांच्या नुकसानीचे दावे तपासायचे, हे माझं काम. स्वभावानं मी कटकट्या. सही-शिक्का असल्याशिवाय माझा स्वतःच्या जन्मतारखेवरसुद्धा विश्वास नाही. असल्या माणसाला जिभेनं निदान करणारा मिस्त्री भेटावा, हा आमच्या पत्रिकेतलाच काहीतरी दोष असणार.

भाऊ मूळचे भुसावळचे. रेल्वेच्या डिझेल इंजिनांच्या शेडमध्ये अर्धा जन्म काढला, बदली होत होत राजस्थानात आले आणि पन्नाशीला नोकरी सोडून आग्रा रोडवर पत्र्याची शेड टाकून बसले. दारावर पाटी होती, 'यहाँ सिर्फ पेट देखा जाता है'. खाली बारीक अक्षरात, 'गाड़ी की जान पेट में'. पेट म्हणजे टाकी, नळ्या, फिल्टर, पंप आणि इंजिनात डिझेलचे फवारे सोडणारे नोझल. याच्या पलीकडे ट्रकला काही अवयव आहेत हे त्यांना मान्यच नव्हतं. कोणी स्प्रिंगचा तुटलेला पाटा घेऊन आलं की मान वर न करता सांगायचे, "हड्डीवाला सामने बैठता है."

ट्रक आत आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "आखिरी खाना कहाँ खाया?" म्हणजे डिझेल कुठे भरलं. ड्रायव्हर पंपाचं नाव सांगायचा, भाऊ अशी काही मान हलवायचे की त्या बिचाऱ्याला वाटायचं, आपण पोराला उघड्यावरची भजी खायला घातली. मग चाखणं. त्यानंही समाधान झालं नाही तर तवा. स्टोव्हवर लोखंडी तवा तापवायचे आणि त्यावर टाकीच्या तळातलं डिझेल थेंब थेंब सोडून कान लावून ऐकायचे. तडतडलं तर पाणी. तवा गप्प राहिला तर म्हणायचे, "चला, निदान पाणी तरी नाही."

ही विद्या त्यांनी शेडपुरती ठेवली असती तर माझी काही तक्रार नव्हती. पण आमच्या मराठी मंडळाच्या कोजागिरीला त्यांनी मसाला दुधाचा पेला नाकाशी धरला, एक घोट जिभेवर फिरवला आणि सगळ्यांदेखत जाहीर केलं, "पाणी आहे. तळाशी बसत नाही म्हणून सापडत नाही, पण आहे." दूध सेक्रेटरींच्या घरून आलं होतं. सेक्रेटरी तीन महिने भाऊंशी बोलले नाहीत. पुढे त्यांच्या बायकोनंच माझ्या बायकोजवळ कबूल केलं की माणसं वाढली तेव्हा तिनं दोन तांबे ओतले होते. भाऊंना हे कळलं तेव्हा ते नुसतं म्हणाले, "दोन नाही, तीन."

निदान झालं की भाऊ एक चिठ्ठी लिहून द्यायचे. एक ओळ आणि खाली सही. त्या चिठ्ठीपुढे आग्रा रोडवर कोणाचं काही चालत नसे. मालक मान खाली घालायचे, पंपवाले आवाज खाली आणायचे, आणि खरं सांगायचं तर माझ्यासारखा खवीससुद्धा ती चिठ्ठी फायलीला जोडून मोकळा व्हायचा. चिठ्ठीतला शब्द भाऊंनी कोणासाठी बदलला नाही. एका मालकानं फारच मिनतवारी केली तर त्याची टाकी उघडी टाकून जेवायला निघून गेले.

तर मे महिन्यात भंवरलाल सेठचा कोरा ट्रक आग्र्याच्या वाटेवर दौसा गावाच्या अलीकडे बंद पडला. तिसरी खेप, आणि टाकीत पाणी. सेठनं तिथल्या तिथे निकाल लावला. रामधन ड्रायव्हरनं डिझेल काढून विकलं आणि पाणी ओतलं. ट्रक ओढून आणला, आठ दिवस भांडणात उभा ठेवला, तेवढ्यात पंप आतून गंजला. मग सेठनं आमच्याकडे दावा ठोकला की ड्रायव्हरनं मुद्दाम नुकसान केलं. म्हणून मी कागद घेऊन भाऊंच्या शेडमध्ये हजर.

रामधन चाकाला टेकून बसला होता. बावीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. चिठ्ठीत त्याचं नाव आलं तर जयपूरपासून आग्र्यापर्यंत कोणी त्याच्या हातात स्टिअरिंग देणार नव्हतं. तो भाऊंच्या बोटाकडे तेवढं बघत होता.

भाऊंनी टाकी बादलीत रिकामी केली आणि ते निवळू दिलं. वर डिझेल, खाली पाणी. "साहेब, किती वाटतं?" त्यांनी मला विचारलं. मला काय कळतंय, कप्पाळ. मग त्यांनीच सांगितलं, "एक लोटा. फार तर सव्वा. चोर कॅनभर काढतो आणि कॅनभर ओततो. लोटाभर डिझेल चोरून हा काय दिवे लावणार आहे?"

मग त्यांनी गाळणी उलटी केली. आतून काहीतरी काळं पडलं. ते स्वच्छ डिझेलमध्ये धुऊन त्यांनी तळहातावर घेतलं. तुळशीचं पान होतं. पाठोपाठ तांदळाचे चार दाणे निघाले. भाऊंनी चाखायला बोट पुढे केलं होतं, ते मागे घेतलं. असं मी कधी बघितलं नव्हतं.

"पूजा किसने की थी?"

"माँसा ने," रामधन म्हणाला. माँसा म्हणजे सेठची आई.

भाऊ आणि मी सेठच्या घरी गेलो. म्हातारी चौकात मटकी निवडत बसली होती. भाऊंनी पान तिच्यासमोर धरलं. तिनं आधी सुनांच्या खोलीकडे नजर टाकली, मग हळू आवाजात सांगितलं. तिच्या नवऱ्यानं हरिद्वारहून गंगाजळाचा गडू आणला होता, तो तिनं अकरा वर्षं देवघरात जपला होता. शेवटच्या घटकेला स्वतःच्या तोंडात घालायला. सेठचा आधीचा ट्रक उलटला होता, सेठ त्याच्याखाली सापडून जेमतेम वाचला होता. नवा ट्रक आला तेव्हा पूजेच्या गडबडीत तिनं टाकीचं झाकण उघडलं आणि अक्षता, तुळस, सगळ्यासकट गडू ओतला.

"टायरों पर क्या छिड़कती, भैया," ती म्हणाली. "जान तो पेट में होती है. आप ही तो सबको कहते हो."

भाऊंचा चेहरा असा झाला की मला हसू दाबावं लागलं, आणि लगेच हसू आलं याची लाजही वाटली.

"बहुओं को मत बताना, हँसेंगी," ती म्हणाली. मग मटकी बाजूला सारून म्हणाली, "पर रामधन पर बात आई तो मैं खुद बोल दूँगी."

शेडमध्ये परत येऊन भाऊंनी चिठ्ठी लिहिली. मी वाचली आणि चष्मा पुसून पुन्हा वाचली. 'टाकीला घाम सुटून पाणी झालं. ड्रायव्हर निर्दोष.' दमट हवेत रिकाम्या टाकीला आतून घाम सुटतो, हे खरं; पण हे जयपूर, आणि मे महिना. माणसाचा घाम बाहेर येता येता वाळतो तिथे यांच्या टाकीला लोटाभर घाम सुटला होता.

"भाऊ, तुम्ही उभ्या जन्मात चिठ्ठीवर खोटं लिहिलं नाही."

"नाही लिहिलं," ते म्हणाले. "पण म्हातारीनं स्वतःच्या मरणाचं पाणी पोराच्या गाडीला पाजलं. आता काय चिठ्ठीत आईचं नाव घालू? आणि अक्कल माझी होती, साहेब. पाटी मी लावली."

सेठनं चिठ्ठीचा मान राखला आणि रामधन कामावर राहिला. मी माझ्या अहवालात लिहिलं, कोणी मुद्दाम नुकसान केल्याचं आढळत नाही. दावा बारगळला. नोकरीतलं माझं पुण्य एवढंच. पण आग्रा रोडवर भाऊंची जी काही थट्टा सुरू झाली ती विचारू नका. समोरचा हड्डीवाला रोज ओरडून विचारायचा, "शिरसाटजी, जरा देखना, मेरे जैक को बुखार तो नहीं?" दोघा मालकांनी ट्रक दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. भाऊ बडीशेप चघळत पुढच्या टाकीकडे वळायचे.

आणि हा गृहस्थ इकडे करत काय होता, तर बादलीतलं ते पाणी डिझेलमधून सोडवत होता. नळीनं वरचं डिझेल ओढायचं, राहिलेला तवंग टिपकागदानं टिपायचा, पाणी कोळशातून गाळायचं, मग मलमलीतून, मग पुन्हा कोळशातून. पाच दिवस. रोज एक थेंब जिभेवर, आणि रोज नकारार्थी मान. इंजिनासाठी पाण्यातून डिझेल वाचवणारे खूप असतील, डिझेलमधून पाणी वाचवणारा मी एवढाच पाहिला.

सहाव्या दिवशी मला म्हणाले, "साहेब, चला. बाईमाणसाकडे एकट्यानं जाणं बरं दिसत नाही." एका गडूत पाऊणएक लोटा पाणी उरलं होतं. त्यांनी तो माँसापुढे ठेवला. "थोड़ा वास रह गया, माँसा. मुझसे इतना ही निकला."

तिनं वास घेतला. "इस घर में हर चीज में है," असं म्हणून गडू मांडीशी ओढून घेतला. मग विचारलं, "आपके मुँह में कौन डालेगा? घर में कौन है?"

भाऊंनी माझ्याकडे बघितलं, जणू उत्तर माझ्या फायलीत असावं. मग म्हणाले, "कोई नहीं, माँसा. घरवाली यहाँ आए उसी साल गई. बाल-बच्चा हुआ नहीं."

चार वर्षं मी या माणसाबरोबर मंडळाच्या पंगतीला बसलो होतो. जगातल्या प्रत्येक पंपाचं डिझेल मी त्यांना विचारलं होतं, घरी कोण असतं हे एकदाही विचारलं नव्हतं. मला माझाच राग आला.

माँसानं रामधनला हाक मारली. तो अंगणात ट्रक धूत होता. तिनं अर्धं पाणी एका लहान लोट्यात ओतलं आणि लोटा त्याच्या हातात दिला. "ये इनका है. तू रखना. इनका वक्त आए तो तू आना."

रामधननं ओले हात धोतराला पुसले आणि लोटा दोन्ही हातांनी घेतला. भाऊ खाली बघत होते. मग त्यांनी विचारलं, "और तू आगरे में हुआ तो?"

रामधननं मनातल्या मनात रस्ता मोजला. "छह घंटे लगेंगे, शिरसाटजी," तो म्हणाला. "तब तक रुकना."

"रुकूँगा," भाऊ म्हणाले.