गटागटा पिणारा अँप्लिफायर

जावयाने प्लगात मीटर खोचला आणि सासऱ्यांच्या अँप्लिफायरचा पाणउतारा केला.

"बाबा, पॉवर फॅक्टर एकच्या जवळ हवा, हा फक्त पॉइंट सहा! शांतपणे घोट घेत नाही हा, वीज गटागटा गिळतो. आमच्या कारखान्यात असं यंत्र दारातसुद्धा उभं करत नाहीत."

सासरे रेडिओ मेकॅनिक. तो व्हॉल्व्हचा अँप्लिफायर त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधला होता. "कारखान्यात गाणी ऐकता का?" असं म्हणून त्यांनी जावयाला गप्प केलं खरं, पण शब्द जिव्हारी लागला होता. जावई परगावी परतला आणि सासऱ्यांनी सोल्डरिंग गन तापवली.

विजेचे घोट सावकाश व्हावेत म्हणून त्यांनी चोक, म्हणजे लोखंडावर गुंडाळलेलं चार किलोचं तारेचं वेटोळं, बसवला. घोट सावकाश झाले, पण व्होल्टेज इतकं उतरलं की रेकॉर्डवरची गायिका आठवडाभर उपाशी असल्यासारखी गाऊ लागली. मग व्होल्टेज चढवायला मोठा ट्रान्सफॉर्मर आणला. तो पेटीत मावेना, म्हणून पेटीची मागची फळी कापली. वजनाने स्टुलाचा पाय मोडला, तेव्हा सगळं धूड शिवणयंत्राच्या टेबलावर चढलं.

"अहो, माझं मशीन?" बायकोने विचारलं.

"पलंगाखाली. आता माघार नाही!"

महिन्याने जावई आला. मीटरने पॉइंट नऊ दाखवलं. सासऱ्यांनी मिशीला पीळ भरला.

"मानलं, बाबा!"

"मग घरचं बिल किती कमी होईल?" सासूबाईंनी विचारलं.

जावई चाचरला. "बिल... तसं कमी होणार नाही. घरचा मीटर पॉवर फॅक्टर मोजतच नाही. उलट मोठ्या ट्रान्सफॉर्मरमुळे थोडं वाढेलच."

"वाढू दे!" सासरे कडाडले. "माझ्या यंत्राला कुणी खादाड म्हणायचं नाही!"

सासूबाईंनी कपाळावर हात मारून रेकॉर्ड लावली. गाणं सुरू झालं आणि त्या चमकल्या. "अगंबाई, घरघर गेली की! वीस वर्षं सांगतेय, मागून घरघर येते. तर म्हणे कान तपासून घे!"

"चोकचा गुण," जावई म्हणाला. "पॉवर सप्लायची घरघर त्यानेच थांबते."

दोघांनी सासऱ्यांकडे पाहिलं. आता तरी माणूस कबूल करेल!

सासऱ्यांनी मान ताठ केली.

"घरघर नव्हती ती. तबल्याचा घुमारा होता. तुमच्या नादाने तेवढा गेला!"