वजनदार एसएसडी

नंदुरबारच्या मिरची बाजारात मापाडी म्हणून माझी हयात गेली. पोतं काट्यावर चढायच्या आधी मी नुसतं उचलून वजन सांगतो, आणि काटा मुकाट्यानं माझीच री ओढतो. कोणी मिरचीवर पाणी मारून आणलं, पोत्याच्या तळाशी खडे भरले, तर माझा हात लागताच बिंग फुटतं. भिला मापाड्याला फसवणारा अजून जन्माला यायचा आहे, असं बाजारात म्हणतात. म्हणजे मी म्हणतो, आणि कोणी अडवत नाही.

तेव्हा एक एसएसडी निवडणं माझ्यासाठी किस झाड की पत्ती!

झालं असं, की आमच्या गावी, रनाळ्याला, घरचा कम्प्युटर टकटक आवाज करायला लागला. माझा भाचा योगेंद्र याचं कम्प्युटरचं दुकान आहे. त्यानं डब्याला कान लावला आणि डॉक्टरसारखा चेहरा केला.

"मामा, जुनी हार्ड डिस्क जाई ऱ्हायनी. नवी एसएसडी ल्या, नि समदं तिच्यामा टाकी द्या."

समदं म्हणजे माझ्या मुलीच्या, काजलच्या लग्नाचं शूटिंग. शूटिंगवाल्यानं त्याची प्रत केव्हाच पुसली होती. आमचा कम्प्युटर इतका रडतखडत चाले की ते धड कोणी पाहिलंही नव्हतं. पण त्यात दोघांची अब्रू होती.

एक माझ्या आईची. ऐंशीच्या घरातली दगूबाई वरातीत डीजेपुढे अशी नाचली, की नवरदेवाकडे कोणी बघेना. मोबाइल काढायचंही कोणाला सुचलं नाही. शेजारची शांतीबाई तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चिंचपाड्याला होती. तिचा विश्वास बसेना. "दगूबाई नाचनी? तिले त उठता येस नही." आईनं भर गल्लीत शब्द दिला, काजल माहेरी आली की टीव्हीवर दाखवते.

दुसरी अब्रू माझी. पाठवणीच्या वेळी मी आहेराच्या कपाटाआड एवढा रडलो, की पोरीजवळ जाताही आलं नाही. हे मी काजलला, व्याह्यांना आणि निम्म्या रनाळ्याला सांगून ठेवलं होतं.

योगेंद्रनं एक एसएसडी माझ्या हातावर ठेवली. मी घाबरून खाली बघितलं, आतलं काही सांडलं की काय.

"हाई त रिकामं खोकं शे, भो."

"यामा फिरानं काहीच नही मामा, म्हनीसन हलकं ऱ्हास. कंपनी चांगली शे. पाच वरीसनी वारंटी शे."

"आख्खं लगीन मावाडनं शे, नि हाई बिस्किटएवढं? माल हातले लागाले पाहिजे!"

मी ती परत केली. मग सुरतला गेलो असताना एका हातगाडीवाल्याकडे मला हवी तशी सापडली. तीन मोबाइलांत साठणार नाही तेवढं हिच्यात मावतं, असं वर लिहिलेलं, किंमत योगेंद्रच्या मालाच्या निम्मी, आणि हातात घेताच मनगट खाली गेलं. कंपनीचं नाव नव्हतं. नाव घेऊन काय करायचं? वजन होतं.

"योगेंद्रले दखाडी ल्या एकदाव," माझी बायको चारुलता म्हणाली.

"त्याले काय दखाडनं? तू हातमा ली दख."

तिनं घेतली. "जड त शे," एवढंच म्हणाली, आणि त्याला मी पाठिंबा समजलो.

वायर जोडून मी स्वतः सगळं शूटिंग तिच्यात भरलं. फायलींची सगळी नावं ओळीनं दिसली. दुसऱ्या दिवशी जुन्या हार्ड डिस्कनं, नव्या सुनेच्या कमरेला किल्ल्या लागल्यावर सासूनं डोळे मिटावेत, तसा शांतपणे जीव सोडला. मी हळहळलो नाही.

काजल माहेरी आली. आई नवं लुगडं नेसून टीव्हीसमोर बसली. शांतीबाई गल्लीतल्या बायकांना घेऊन आली आणि ऑपरेशनचा डोळा पुसून तयार झाली. मी वरात उघडली. उघडेना. हळद उघडेना. अक्षता उघडेनात. नावं सगळी जागच्या जागी, आत मात्र शुकशुकाट.

"भिला, मना नाच कव्हय दखाडशी?" आई म्हणाली.

योगेंद्रला बोलावलं. त्यानं एसएसडी हातात घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि स्क्रू ड्रायव्हर मागितला. आत एक जाडजूड लोखंडी पट्टी गोंदानं चिकटवलेली होती. तिच्या कोपऱ्यात मोबाइलमध्ये घालतात तसलं नखाएवढं कार्ड होतं.

"मामा, माल इतलाच शे. बाकीनं समदं वजन शे."

तळाशी खडे भरणाऱ्यांना मी बाजारात आजवर काय काय बोललो, ते सगळं मला एकदम आठवलं.

"मंग काजलनं लगीन परत लावा," आई तुटकपणे म्हणाली. "जवाई तोच चाली." शांतीबाई गालात हसली. आईनं लुगड्याचा पदर घट्ट आवळून घेतला. त्या क्षणी मला खरंच वाईट वाटलं. म्हातारी खरं बोलत होती आणि तिचा एकुलता एक पुरावा मी बुडवला होता.

"कार्डमा जागा थोडीच शे, पन सुरवातले टाकेल एखादं वाची गयं व्हई," योगेंद्र म्हणाला आणि एकेक उघडू लागला. एकच उघडलं. पाठवणी!

पडद्यावर काजल चारुलताच्या गळ्यात पडून हुंदके देत होती. आई डोळे पुसत होती. मागे कपाट होतं. आणि मी कपाटाआड नव्हतो. मी वाकून कपाटाचा एक कोपरा उचलून बघत होतो, आणि शेजारच्या पाहुण्याला बोटांनी वजनाचा आकडा सांगत होतो. चेहरा अगदी प्रसन्न होता.

"तुम्हीन त लई रडनात म्हने," चारुलता म्हणाली.

"मना डोया आते साफ शे," शांतीबाई म्हणाली. "माले समदं दखास."

काजलनं माझ्याकडे न बघता विचारलं, "आबा, कितलं भरनं व्हतं कपाट?"

मला पोरीची माफी मागायची होती. शब्द जिभेवर आलेही होते. पण हयातीची सवय आडवी आली.

"अडुसष्ट किलो," मी म्हणालो.

आणि अडुसष्टच होतं. हवं तर कोणीही काट्यावर चढवून बघावं.