रिकामा डबा

लालबागच्या राधाबाईंच्या डब्यात काय होते, हा प्रश्न सिनेदिग्दर्शकांच्या संघटनेपुढे रीतसर सुनावणीस आला.

गिरणी बंद पडली त्या दुपारी राधाबाई नवऱ्याचा, गणपतरावांचा, डबा घेऊन फाटकाशी गेल्या होत्या. फाटकाला कुलूप. डबा तिथेच अडकवून त्या माघारी वळल्या. पुढे गणपतराव गेले, गिरणीच्या जागी मॉल आला, फाटक तेवढे शोभेला उरले. बाई मात्र दरवर्षी त्याच तारखेला डबा अडकवून येत.

त्यांच्याच चाळीत वाढलेल्या प्रफुल्लने यावर सिनेमा केला. शेवटी चार मिनिटे नुसता रिकामा डबा वाऱ्यावर हलतो. परदेशात लोक उभे राहून रडले म्हणे. मग राकेश नावाच्या दिग्दर्शकाने तोच रिकामा डबा सोनेरी करून आपल्या सिनेमात टांगला, खाली साठ माणसे नाचवली. प्रफुल्ल म्हणाला, चोरी. राकेश म्हणाला, आदरांजली.

राधाबाईंना दोघांशी देणेघेणे नव्हते. पण सिनेमा पाहून आलेल्या शेजारच्या लक्ष्मीने नळावर विचारले होते, "काय गो, गणपतदादांना उपाशी धाडायचीस?" त्या दिवसापासून बाईंना घास गोड लागेना. त्या सुनावणीला आपणहून जाऊन बसल्या.

"घोवाक रिकामो डबो कोण देता रे मेल्या?" त्यांनी प्रफुल्लला विचारले. "दोन भाकऱ्या होत्या. सुकट होती. कांदा होता."

"काकी, रिकामेपण हा माझ्यावरचा प्रभाव आहे." प्रफुल्लने एका युरोपीय दिग्दर्शकाचे नाव घेतले आणि कानाची पाळी धरली. "त्यांनी बर्फात रिकामी पेटी टांगली होती."

"त्याच्या नावाला कान धरतोस. माझ्या नावाला?"

"तुम्ही कुठे सिनेमा केलाय?"

अध्यक्ष बाबुरावांनी हयातभर दुसऱ्यांचे सिनेमे पाहूनच आपले काढले होते, त्यामुळे विषयावर त्यांचा अधिकार होता. त्यांनी निर्णय वाचला. दहा सेकंद उचलले तर प्रभाव, मिनिटभर उचलले तर आदरांजली, अख्खा सिनेमा उचलला तर परंपरा. सबब दोघेही निर्दोष. मात्र सदर महिला दरवर्षी हेच दृश्य विनापरवाना करते आणि वर त्यात सुकट घालते, ही मूळ कलाकृतीची विटंबना होय. यापुढे डबा रिकामाच अडकवावा.

"मूळ?" राधाबाई म्हणाल्या. "तुम्हाला आईने जन्म दिला की तिच्या फोटोने?"

हा प्रश्न कार्यकक्षेबाहेरचा ठरला.

ठरल्या तारखेला बाई भरला डबा घेऊन फाटकाशी गेल्या. सिनेमा पाहून पाऊणशे माणसे आधीच फोन उगारून उभी होती. बाईंनी डबा उघडून सगळ्यांपुढे धरला. "बघा. नीट बघा."

"आजी, वास येतोय," सुमेधा नावाची एक मुलगी नाकाला रुमाल लावून म्हणाली. "रिकामा करून लावा ना. ओरिजिनलसारखा."

राधाबाईंनी झाकण लावले, डबा अडकवला आणि वळल्या. पाठीमागे कुणीतरी सुकट पिशवीत ओतून कचऱ्याच्या पेटीत टाकली, डबा पुसून पुन्हा टांगला. मग तो वाऱ्यावर छान हलू लागला आणि पाऊणशे माणसांचे डोळे भरून आले.

तुम्ही त्यांना हसू नका. मघाशी सिनेमात चार मिनिटे तो डबा हलत होता तेव्हा तुम्हीही गलबलला होतात. आत भाकरी होती का, हे तुम्ही तरी कुठे विचारलेत?