प्रदर्शन समुद्रावर गेले

कमलाकांतच्या पहिल्यावहिल्या चित्रप्रदर्शनातले पहिले चित्र उद्घाटनाच्या दिवशी, उद्घाटनाच्या आधीच, समुद्रावर गेले. ते न्यायला त्याची सख्खी मावशी आली होती.

"कमल्या, माजं शीड उतरव," मंजुळामावशी दारातूनच म्हणाली.

कमलाकांत स्टुलावर उभा राहून छताच्या वाशाला दोरी आवळत होता. पाहुणे दुपारी यायचे होते, आणि अजून झाडलोटही व्हायची होती. खाली न उतरताच तो म्हणाला, "मावशी, आज प्रदर्शन हाय."

"दिसतंय मना. त्यातलं माजं कुठलं?"

त्याने बोट दाखवले. भिंतभर पसरलेला गडद जांभळा, खालच्या कोपऱ्यात एक फिकट ठिपका, आणि शेजारी पुठ्ठ्यावर सुबक अक्षरांत नाव: 'एकटेपण'. मावशीने पदर कमरेला खोचला आणि ते चित्र वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"वांग्याचं भरीत काढलंस?"

"संध्याकाळ हाय ती, मावशी."

"हां, मग संध्याकाळीच आणून देते," असे म्हणून तिने दोरीला हात घातला.

हे असे का घडले ते कळायला थोडे मागे जायला हवे. साल एकोणीसशे एकोणऐंशी. डिझेलची टंचाई होती, आणि तारापूरच्या खाडीवरचे ते मच्छीमारांचे गाव कित्येक दिवस किनाऱ्याला जखडल्यासारखे झाले होते. रात्री अणुकेंद्राचे दिवे खाडीच्या पाण्यात लांबच लांब उतरत, जणू कुणी सोन्याची जाळी धुवायला टाकली आहेत. पण बोटी काही त्या दिव्यांवर चालत नव्हत्या. मासा नाही म्हणून बर्फ नाही, आणि बर्फ नाही म्हणून मच्छीमार संस्थेची बर्फाची शेड रिकामी पडली होती. "लाव तुजी चित्रं," चेअरमन म्हणाले होते. "नाय तरी तितं कुत्रीच झोपतात."

आणि ही चित्रे शिडांवर काढलेली होती. गावात इंजिने आली तेव्हापासून शिडे घरोघरच्या माळ्यांवर पडून होती. आदल्या वर्षी मुंबईच्या कलाशाळेतून शिकून परतलेल्या कमलाकांतला कॅनव्हास परवडेना. तेव्हा पावसाळ्यात, बोटी वर ओढून ठेवलेल्या असताना, तो दारोदार गेला. स्वभावाने विलक्षण लाजरा. प्रत्येक घरी तो आधी पावसाविषयी बोले, मग म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांविषयी, आणि उठता उठता, जणू आत्ताच आठवल्यासारखे, शिडाविषयी. "ने बाबा, उंदरांची वस्ती तरी उठंल," लोक म्हणत. अट एकच, शीड कापायचे नाही. म्हणून त्याची सारी चित्रे अवाढव्य आणि तीनकोनी होती, आणि बोटींच्या रंगरंगोटीतून उरलेल्या तेलरंगाने रंगवलेली होती.

ती पाहायला त्या दुपारी कलाशाळेतले पाठारे सर येणार होते. नव्या चित्रकारांचे एक प्रदर्शन मुंबईत भरायचे होते आणि चित्रे निवडणे सरांच्या हाती होते. "त्यांनी घेतली तर तू जा मुंबईला," वडील, दामू तांडेल, म्हणाले होते. "नाय तर सालवडचा मामा बोल्लाय ते बघ." मामाने सांगितले होते ते असे, की बोईसरच्या एका कारखान्यात रसायनांच्या पिंपांवर 'सावधान' रंगवायला माणूस हवा होता. लग्नाचा पत्ता नसताना कमलाकांतला आठवडाभर स्वप्नात 'सावधान' ऐकू येत होते.

नेमके प्रदर्शनाच्याच दिवशी पहाटे शेजारच्या गावातला एक म्हातारा आपली बिनइंजिनाची होडी पापलेटांनी भरून घेऊन आला. किनाऱ्यापासून फार दूर नाही, जवळच, पापलेट लागले होते. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा सकाळचा मतलई वारा छान सुटला होता. डिझेल नव्हते, पण डोलकाठ्या जागेवर होत्या. आणि शिडे कुठे आहेत, ते साऱ्या गावाला ठाऊक होते.

मावशीपाठोपाठ हिराकाकी आली.

"आमचं ते तांबडं दे रे."

"काकी, तेवढं नको. ते मधोमध हाय."

"मग दुसरं कायतरी मधोमध लाव. मदला काय पाटील हाय?"

मग पुष्पलता आली. पुष्पलतेचे दोन दीर आले. प्रत्येक चित्र उतरले की कमलाकांत उरलेली चित्रे थोडी पसरून लावी; भिंत भरल्यासारखी दिसे, तोवर दारात आणखी कुणीतरी उभे राही. कुणाशीही तो भांडला नाही. फक्त दर वेळी, चित्राचे नाव लिहिलेला पुठ्ठा पुढे करून हळूच म्हणे, "हे पण घेऊन जा."

"पुठ्ठ्याला वारा लागत नाय," असे म्हणून ते पुठ्ठा तिथेच ठेवून जात.

शेवटी एकच शीड उरले. सर्वांत मोठे, आणि ते त्याच्या घरचेच होते. एवढे एक असले तरी पुरे, असा धीर कमलाकांतने मनाशी धरला. तेवढ्यात दामू तांडेल आत आले आणि त्या चित्रासमोर उभे राहिले.

"बाबा, तुमी पण?"

"मी मागाया नाय आलो. तुजी आई बोल्ली, अजाबात मागायचं नाय. मी आपला बघाया आलो."

"बघा."

ते पाहू लागले. उपाशी माणसाने दुसऱ्याच्या ताटाकडे पाहावे तसे. मधेच दाराबाहेर मान काढून त्यांनी वाऱ्याचा अंदाज घेतला, पुन्हा येऊन उभे राहिले. गावातल्या सगळ्या बोटी निघाल्या होत्या. तांडेलांची तेवढी डोलकाठी उघडी, किनाऱ्यावर.

"चांगलं हाय," ते म्हणाले. त्यांनी मुलाच्या चित्राला चांगले म्हणण्याची ती पहिली वेळ. कमलाकांतने स्टूल ओढले, वर चढला, आणि स्वतःच्याच हातांनी गाठ सोडली.

दुपारी बोईसरहून एसटीने पाठारे सर उतरले. त्यांच्यासोबत अणुकेंद्राच्या वसाहतीतल्या महाराष्ट्र मंडळाचे कार्यवाह आणि त्यांनी उत्साहाने गोळा केलेली काही मंडळी होती. सर्वांनी चपला-बूट बाहेर काढले, आत आले, आणि उभे राहिले. भिंतींवर दोऱ्या लोंबत होत्या. दोऱ्यांशेजारी पुठ्ठे होते: 'एकटेपण', 'तृष्णा', 'नाव नसलेले'.

"चित्रे?" सरांनी विचारले.

"समुद्रावर गेली, सर."

"कधी येतील?"

"भरतीला."

सरांनी त्याच्याकडे निरखून पाहिले. चार वर्षे वर्गातल्या शेवटच्या बाकावर बसून ज्याने एकही प्रश्न विचारला नव्हता, तो मुलगा थट्टा करील हे शक्यच नव्हते. ते पापलेटाच्या एका पालथ्या क्रेटवर बसले. "मग आधी व्याख्यान होऊ दे," ते म्हणाले.

व्याख्यान कमलाकांतचेच होते. कार्यवाहांनी परिचय करून दिला आणि भारदस्त स्वरात विषय वाचला, "आजची चित्रकला कुठे चालली आहे?"

"पापलेटाला!" मागून बायकांतून आवाज आला. पुरुष समुद्रावर गेलेले, तेव्हा गावातल्या साऱ्या बायका शेडमध्ये येऊन बसल्या होत्या.

कमलाकांतने रात्ररात्र जागून पाठ केलेले भाषण चित्रांकडे बोट दाखवून करायचे होते. तो उभा राहिला. त्याने दोरीकडे बोट दाखवले. "माझ्या डाव्या हाताला जे चित्र... होते, त्यात आपल्याला..."

"डाव्या नाय, उजव्या," पुष्पलता म्हणाली. "डावीकडं आमचं व्हतं."

"तुमचं कुठलं गो? तुमचं ते हिरवं, दाराशी," मागची एक बाई म्हणाली.

"हिरवं? त्याला हिरवं बोलतंस तू? सडलेल्या शेवाळीचा रंग व्हता तो. पावसाभर आमच्या पडवीत वाळत व्हतं, मना शिकवते!"

"आणि त्यात एक माणूस व्हता पाठमोरा."

"माणूस नाय, खांब."

"खांबाला मान असते का?"

कमलाकांतने दोरीकडे उचललेले बोट खाली घेतले. पावसाळाभर ज्या बायकांनी त्याच्या चित्रांकडे पाहून फक्त नाके मुरडली, त्यांना खांबाची मान आठवत होती. वसाहतीतली मंडळी मान वळवून वळवून एकेका दोरीकडे पाहू लागली. कार्यवाहांनी वहीत काहीतरी टिपले आणि विचारले, "पण या सगळ्याचा अर्थ काय?"

"त्याला नका विचारू," हिराकाकी म्हणाली. "तो लाजतो."

एवढ्यात येसूबाई, कमलाकांतची आई, चहाची किटली घेऊन आली. सरांच्या हातात कप देताना ती हळू आवाजात म्हणाली, "ते जांभळं काढत व्हता ना, तवा दोन दिवस जेवला नाय. तेवढं लिवून घ्या." सरांनी गंभीरपणे मान हलवली. इतके अचूक रसग्रहण त्यांनी कुणाकडून ऐकले नव्हते.

भरती लागली तेव्हा सारी सभा किनाऱ्यावर गेली. सरांनी बूट हातात घेतले होते. समुद्राकडून आता खारा वारा येत होता आणि ऊन पिवळे होत चालले होते. आधी क्षितिजावर नुसते रंग दिसले. एक जांभळा, मागे एक तांबडा, दूर तो सडक्या शेवाळीचा हिरवा. मग रंगांखाली बोटी दिसू लागल्या. अंधाऱ्या पडवीत, पावसाच्या आवाजात, गुडघे पोटाशी घेऊन काढलेली ती चित्रे वाऱ्याने गच्च फुगली होती. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. तोवर चित्र पुढे सरकले होते. कार्यवाहांनी वही मिटून खिशात टाकली.

सर्वांत आधी 'एकटेपण' किनाऱ्याला लागले, पापलेटांनी काठोकाठ भरून.

"मंजुळाबाई," सर पुढे झाले, "हे मी मुंबईला नेतो. मोठ्या दालनात लावू."

"नाय भेटणार," मावशी म्हणाली.

"मावशी, तू संध्याकाळी देते बोल्ली व्हतीस," कमलाकांत कळवळून म्हणाला.

"ते सकाळचं. सकाळी मना काय म्हाईत व्हतं? आरे, साऱ्यांच्या आधी आलं हे. रंगानं वारा गळतच नाय!"

त्याचे असे झाले होते, की तरुण वयातली उदासी पातळ रंगात मावत नाही म्हणून कमलाकांतने प्रत्येक शिडावर थरावर थर चढवले होते. जुन्या, विरलेल्या कापडाची छिद्रे त्या उदासीने बुजली होती. ज्याचे चित्र अधिक खिन्न, त्याची बोट अधिक वेगात.

सरांनी तांबडे मागितले. हिराकाकीने नवऱ्याच्या आधीच नकार दिला. हिरव्यासाठी पुष्पलतेचे दोन्ही दीर डोलकाठीला पाठ लावून उभे राहिले. शेवटी तांडेलांची बोट टेकली आणि सरांनी त्या सर्वांत मोठ्या शिडाकडे पाहत म्हटले, "हे तरी. हे एकच पुरे आहे, कमलाकांत. या एकावर तुझी जागा पक्की."

सगळा गाव दामू तांडेलांकडे पाहू लागला. त्यांनी हातातल्या पापलेटांकडे पाहिले, मुलाकडे पाहिले, आणि शिडाची दोरी सोडायला सुरुवात केली. "न्या," ते म्हणाले. "पोराचं हाय ते."

कमलाकांत पाण्यात उतरला आणि त्याने वडिलांच्या हातावर हात ठेवला.

"नाही, सर," तो म्हणाला. आवाज इतका स्पष्ट होता की त्याने स्वतःच दचकून मागे पाहिले. "ते नाही देता येणार. उद्याही वारा आहे."

सर हसले, आणि बुटांसकट हात पाठीमागे बांधून पुन्हा शिडांकडे पाहू लागले. त्या रात्री ते बोईसर स्टेशनवर गाडीत चढले तेव्हा त्यांच्या पिशवीत येसूबाईंनी केळीच्या पानात बांधून दिलेली पापलेटे होती.

मुंबईचे प्रदर्शन कमलाकांतवाचून पार पडले. पुढे डिझेल आले, आणि शिडे पुन्हा माळ्यांवर गेली. रंगाचे पोपडे निघून उंदरांच्या बिछान्यांत मिसळले. पण त्या एका हिवाळ्यात तारापूरच्या खाडीच्या तोंडाशी संध्याकाळी जे दिसे, ते पाहायला वसाहतीतली माणसे मुलांना खांद्यावर घेऊन येत. ती मुले आता मोठी होऊन कुठे कुठे पांगली आहेत. त्यांना विचारले तर समुद्रावर जांभळा रंग असतो, असे ती अजूनही ठामपणे सांगतील.

प्रदर्शनाच्या संध्याकाळी मात्र किनारा रिकामा झाल्यावर कमलाकांत एकटाच ओल्या वाळूवर बसला होता. आई जवळ येऊन उभी राहिली.

"मग? पिंपं रंगवाया जातोस आता?"

त्याने उत्तर देण्याआधीच अंधारातून चेअरमन आले. त्यांच्या खांद्यावर घडी घातलेले जुने, कोरे शीड होते, आणि मागून आणखी चार-पाच माणसे तशीच घड्या घेऊन येत होती.

"कमल्या, हे उद्याच्याला करून दे."

कमलाकांत उठून उभा राहिला. गावातले कुणी त्याच्याकडे प्रथमच चित्र मागत होते. त्याने लाजत विचारले, "काय काढू?"

"काय पण काढ रे," चेअरमन म्हणाले. "पण जाड काढ."